ट्यूब बंद करा म्हणणारा पाहुणा : चाळीतल्या खोलीचे फोटो आणि उजेडाचा प्रश्न



आजचा विषय मी मुद्दाम लहान घेतला आहे. कमी उजेडात, आहे त्या प्रकाशात, घरातल्या खोलीचा फोटो कसा काढला जातो आणि तो आपण कसा वाचावा, एवढाच. त्यातही खोली आपल्या ओळखीची : गिरगावातली, परळ-लालबागची, दादर-नायगावची. मी छायाचित्रकार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण फोटो बघायचा नाद जुना आहे. आणि टीका करायची तर ते काम स्वतःला यावं लागतं असा नियम असता, तर आपल्याकडे क्रिकेटवर कोणी तोंडच उघडलं नसतं. (हशा)

निमित्त तुम्हाला माहीतच आहे. बीडीडी चाळी जातायत. १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एकेक खोली १६० चौरस फुटांची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तिकडे गिरगाव-काळबादेवीत मेट्रो-३ साठी काही जुन्या इमारती आधीच पडल्या, उरलेल्यांतल्या कितीतरी पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत. म्हणून सध्या सगळे फोटो काढतायत. आर्किटेक्चरची मुलं, वर्तमानपत्रं, हौशी मंडळी आणि खुद्द राहणारी माणसंही. आणखी वीस वर्षांनी या खोल्यांबद्दल काही म्हणायचं झालं तर हे फोटोच पुढे केले जातील. तेव्हा ती साक्ष आहे. आणि माझी तक्रार अशी की यातले बरेच फोटो इतर सगळं खरं सांगतात, पण उजेडाबद्दल खोटी साक्ष देतात.

आधी थोडं यंत्राचं बोलू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाहेर गॅलरीपलीकडे एप्रिलचं ऊन आणि आत मोरीजवळचा कोपरा, यांच्यातला फरक फोटोग्राफर लोक स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. ऊन आणि आतला कोपरा यांच्यात सहज दहा स्टॉपचं अंतर पडतं. दहा वेळा दुप्पट करून बघा, हजारपट होतं. आपला डोळा हे अंतर फिरता फिरता सांभाळतो. दारातून आत आलात की दोन मिनिटं दिसत नाही, मग दिसायला लागतं. फिल्मला असं फिरता येत नाही. जुन्या स्लाइड फिल्मची कुवत जेमतेम पाच-सहा स्टॉपची. म्हणजे खिडकी घ्यायची तर खोली काळी, खोली घ्यायची तर खिडकी पांढरीफटक.

आता वेळेचा हिशोब. साध्या घरगुती उजेडात, १०० आयएसओची फिल्म घालून भिंगाचं तोंड एफ ४ वर ठेवलं, तर सुमारे अर्धा सेकंद शटर उघडं ठेवावं लागतं. अर्धा सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही. ४०० ची फिल्म घातली तर एक अष्टमांश सेकंद. भिंत धरून, श्वास रोखून कसंबसं जमेल. आजच्या कॅमेऱ्यात १६०० लावलं की एक तीसांश, म्हणजे कोणालाही जमेल. म्हणून पूर्वी या खोल्यांत तिवई लागायची. १६० चौरस फुटांत तिवई मांडायची म्हणजे आधी कॉट हलवा, पिंप हलवा. आणि जागा अपुरी, म्हणून वाइड भिंग. त्या भिंगातून कॉट रेल्वेच्या फलाटाएवढी लांब दिसते.

पण मला महत्त्वाची वाटते ती मीटरची गोष्ट. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक काय करतो? समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. काळी म्हैस समोर धरा, तो तिला करडी करील. पांढरी भिंत धरा, तीही करडी. त्यामुळे अंधारी खोली आणि उजळ खोली यांतला फरक कॅमेऱ्याला स्वतःहून कळतच नाही. दोन्हींचा तो सारखाच करडा फोटो देईल. म्हणजे फोटोत खोली अंधारी दिसत असेल तर ती कोणीतरी तशी ठेवलेली असते. उजळ दिसत असेल तर कोणीतरी, किंवा कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं, ती तशी केलेली असते. फोटोतला अंधार हा नेहमी कोणाचा तरी निर्णय असतो. हे एकदा नीट ध्यानात घेतलं, की "मी फक्त होतं ते टिपलं" हे वाक्य कोणालाच वापरता येत नाही.

आता खोटी साक्ष दोन तऱ्हेची आहे म्हणालो. पहिली तऱ्हा तुम्ही प्रदर्शनांतून पाहिलेली आहे. सगळी खोली काळी. एका बाजूनं उन्हाचा एक तिरका पट्टा. त्यात धूळ किंवा धूर तरंगतोय. पट्ट्याच्या टोकाशी एक म्हातारी बाई, सुरकुत्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. मागे फळीवरच्या डब्यांच्या कडा तेवढ्या चमकतात. फोटो देखणा असतो, हे मी नाकारत नाही. भिंतीवर लावावासा वाटतो. पण लावतं कोण? त्या म्हातारीच्या घरच्या भिंतीवर तो लागलेला मी कधी पाहिला नाही. तिथे लागतो लग्नातला फोटो, फ्लॅश मारलेला, मुंडावळ्यांची झिलई लखलखणारा, मागच्या भिंतीवर सावल्या काळ्याकुट्ट.

इथे जरा थांबू. आहे त्या प्रकाशात फोटो काढणं म्हणजे प्रामाणिकपणा, फ्लॅश म्हणजे आक्रमण, असं आपल्या सुशिक्षित वर्तुळात धरून चालतात. त्यामागे इतिहास आहे. जेकब रीस हा न्यूयॉर्कचा पत्रकार १८८० च्या दशकाच्या शेवटी रात्री-बेरात्री गरिबांच्या खोल्यांत शिरून मॅग्नेशियमची पूड पेटवायचा. क्षणभर लख्ख उजेड, लोक दचकलेले, डोळे विस्फारलेले, आणि फोटो तयार. त्यातून १८९० साली त्याचं पुस्तक आलं, त्यानं सुधारणा घडल्या हेही खरं. पण ज्या उजेडात त्या माणसांनी स्वतःची खोली कधी पाहिली नव्हती, त्या उजेडात ती जगाला दाखवली गेली. यावर उतारा म्हणून पुढच्या पिढ्यांनी फ्लॅश टाकून दिला. ठीक.

पण चाळीत काय होतं बघा. पाहुणा आला की आपल्याकडे पहिली गोष्ट कोणती करतात? दिवा लावतात. दुपारी एकटं माणूस बिल वाचवायला अंधारात बसेल, पण कोणी आलं की ट्यूब लावायची. न लावणं हा अपमान. आणि हा पाहुणा, गळ्यात कॅमेरा अडकवलेला, काय म्हणतो? "मावशी, ट्यूब बंद करा ना, नॅचरल लाइट हवाय." मावशी बिचाऱ्या बंद करतात. मनात म्हणत असतील, याला काय झालं. मग तो जो काढतो त्याला म्हणतात उपलब्ध प्रकाशातला फोटो. अहो, ट्यूबही उपलब्धच होती. भिंतीवर होती, बटण दाराशी होतं, बिल त्या भरत होत्या. उपलब्ध कोणाला, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. घरातल्या माणसानं लावलेला दिवा विझवून मिळवलेल्या उजेडाला "आहे तो" म्हणणं मला पटत नाही.

ट्यूबचा राग येण्याची तांत्रिक कारणं आहेत, मला माहीत आहेत. दिवसाच्या उजेडासाठी केलेल्या फिल्मवर ट्यूबलाइट हिरवट उतरते, चेहरे आजारी दिसतात. साधा बल्ब पिवळा-नारिंगी होतो. जुन्या चोकच्या ट्यूबा सेकंदाला शंभरदा मिणमिणतात, शटर फार जलद ठेवलं तर पट्टे उमटतात. हे सगळं खरं. पण गिरणगावच्या दोन पिढ्यांनी त्याच हिरवट उजेडात जेवणं केली, दहावीचा अभ्यास केला, १९८२ च्या संपात रात्र रात्र चर्चा केल्या. हिरवटपणा हा त्या आयुष्याचा रंग होता. शिवाय भिंती पोपटी किंवा आकाशी, ऑइलपेंटच्या. त्यांचा रंग उलटून तोंडावर यायचाच.

दुसरी खोटी साक्ष याच्या बरोबर उलट. हातातला फोन. नव्या फोनांत रात्रीचा मोड असतो. तो एकापाठोपाठ बऱ्याच चौकटी घेऊन त्यांची गोळाबेरीज करतो, सावल्या उचलतो, खिडकी दाबतो, रंग "दुरुस्त" करतो. पोपटी भिंत बरीचशी पांढरी होऊन येते. मोरीचा कोपरा आणि दाराचा उंबरा सारखेच उजळ. हे तंत्र आणि बिल्डरच्या माहितीपत्रकातलं तंत्र यांचं नातं सख्ख्या भावंडांचं आहे. लालबाग-परळच्या टॉवरांचे सॅम्पल फ्लॅट बघा. तिथे खोलीला कोपराच नसतो, सगळीकडे प्रकाश सायीसारखा पसरलेला. खाली खोली सोडून जाणाऱ्या मुलीनं काढलेला निरोपाचा फोटो आणि वर विक्रीचा फोटो, दोघांत उजेडाचं व्याकरण एकच. तिच्या आईनं ज्या कोपऱ्यात चाळीस वर्षं डोळे ताणून डाळ निवडली तो कोपरा यंत्रानं परस्पर उजळून टाकला.

कोणी म्हणेल, सर, एवढं काय त्या उजेडाचं? तर या शहरात खोलीतल्या उजेडाला फार जुनं राजकारण आहे. १८९६ साली प्लेग आला. काळोख आणि कोंदटपणा हेच रोगाचं घर अशी समजूत. तपासणीची पथकं घरांत शिरली, चुना फासला गेला, ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली गेली. म्हणजे राहतं घर डोक्यावरून उघडं करणं हा उपचार. त्यातून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर सविस्तर मांडणी केली आणि एक नियम आग्रहानं पुढे आणला : ६३.५ अंशांचा. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढा, तिचा कोन त्याहून जास्त होता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. नियम चांगला होता. आजच्या पुनर्वसनाच्या उंच इमारती एकमेकींना खेटून ज्या उभ्या राहतात, त्यांच्या खालच्या मजल्यांवर उभं राहून ऑरसाहेबांची आठवण काढावी.

पण त्याच नियमाची दुसरी बाजू : अंधारी ठरली की खोली पाडायला मोकळी. तेव्हा खोली अंधारी दाखवणं हे निरागस काम कधीच नव्हतं. काळ्या फोटोनं खोली पाडायला मदत होते, आणि उजळ फोटोनं तिथे राहण्यात काही त्रास नव्हता असं म्हणायला. एक्स्पोजर लावणारा माणूस नकळत पंचनामा लिहीत असतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंधार म्हणजे काय, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं वाद झाला. वैशेषिक म्हणतात, अंधार हे द्रव्यच नव्हे, तो तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, कसा नाही? तो काळा दिसतो, म्हणजे त्याला रंग आहे. दिवा हलवला की तो सरकतो, म्हणजे त्याला गती आहे. रंग आणि गती असलेलं ते द्रव्य. वर्गात मुलं हसायची. मी त्यांना निगेटिव्ह दाखवायचो. निगेटिव्हवर सावलीची जागा म्हणजे नुसती पारदर्शक फिल्म. तिथे काहीच उमटलेलं नसतं, वैशेषिकांचा अभाव. त्याचीच प्रिंट काढली की तीच जागा सगळ्यात काळी, चांदीचे कण सगळ्यात जास्त तिथेच. मीमांसकांचं द्रव्य! चाळीच्या खोलीत राहणाऱ्यालाही अंधार द्रव्यासारखाच लागतो. पोटमाळा घातला की तो दाट होतो. वस्तू त्यात हरवतात. त्यातून हात पुढे करून जावं लागतं.

हे कोणाला साधलंय का, हे विचारायला हवं, नाहीतर मी नुसता किरकिऱ्या म्हातारा ठरेन. सिनेमात साधलंय. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'साठी बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याला स्टुडिओत उभा केला होता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत त्यावर सोडून परतून आलेला उजेड खाली घेतला. प्रकाश कृत्रिम, पण चौकातल्या उजेडाशी इमान राखणारा. मावशींची ट्यूब विझवून मिळवलेल्या "नॅचरल"पेक्षा मला हे अधिक प्रामाणिक वाटतं. उलट कुब्रिकनं 'बॅरी लिंडन'मध्ये, १९७५ साली, मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण करायला एफ ०.७ चं झाइसचं भिंग आणलं, त्याचं कौतुक फार होतं. कौतुकाचं आहेच, पण तो सरदारांच्या दिवाणखान्यांचा अंधार, पुष्कळ मेणबत्त्या परवडणाऱ्यांचा.

चित्रकलेत आपले सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. त्यांची ती हातात दिवा घेतलेली बाई, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. निम्मे लोक ते रविवर्म्याचं समजतात. जलरंगातलं चित्र आहे. तिनं ज्योतीसमोर हात आडवा धरलाय आणि बोटांच्या फटींतून लाली पाझरते. उजेड किती आणि कुठवर पोचायचा हे त्या बाईच्या हातात आहे, अक्षरशः. हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण फोटोत हे क्वचित घडतं. दयानिता सिंह यांच्या २००४ च्या 'प्रायव्हसी'त सुखवस्तू कुटुंबं आपापल्या घरांत कॅमेऱ्यासमोर बसली आहेत. फोटो उत्तम आहेत, आणि त्यांतला ठेहराव येतो तो बसलेल्यांनी स्वतःला कसं दाखवायचं हे ठरवलंय त्यामुळे. रघुबीर सिंहांच्या १९९४ च्या मुंबईवरच्या पुस्तकात काच, आरसा, दुकानाची दर्शनी खिडकी यांतून आतलं-बाहेरचं एकाच चौकटीत येतं. रंगावर ठाम विश्वास असलेला माणूस, म्हणून ट्यूबचा हिरवा आणि बल्बचा पिवळा त्याला परके वाटले नाहीत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे कृष्णधवल फोटो काढले, तिथे काळं हे नटवण्यासाठी नाही. मॅनहोलमध्ये दुसरं असतं तरी काय. पण चाळीच्या खोलीतला रोजचा उजेड, नाट्य नसलेला, त्याचा फोटोग्राफर अजून यायचाय असं माझं मत आहे.

तो उजेड दोन जातींचा आहे, हेही फोटोंत दिसत नाही. गिरगावातल्या लाकडी चाळीत उजेड गॅलरीतून येतो : आधी गॅलरीच्या फरशीवर पडतो, तिथून उडून आतल्या तुळयांवर, मग खाली. म्हणजे तो खालून वर जाऊन परत येतो. आतल्या स्वयंपाकघराला मागच्या घरगल्लीकडे एक खिडकी, तिचा उजेड थंड आणि थोडका. बीडीडीत तसं नाही. तिथे मधोमध बोळ, दोन्हीकडे खोल्या. बाहेरच्या भिंतीला खिडकी आणि बोळाकडे दार. उजेड एकाच अंगानं येतो आणि दाराशी पोचेपर्यंत थकतो. फोटोखाली नुसतं "चाळ" लिहून हा फरक पुसला जातो.

आणि सगळ्यात मोठी उणीव : उजेडाबरोबर माणसं हलतात. सकाळी तांदूळ निवडायचे तर बाई सूप घेऊन गॅलरीत. दुपारी शिवणाचं मशीन खिडकीशी ओढलं जातं. रात्री घरचे झोपले की पोरगा पुस्तक घेऊन बोळातल्या सामायिक दिव्याखाली. कोणाला कोणत्या वेळी खिडकीशेजारी बसायचा हक्क, यात घराची सगळी सत्ता उघडी होते. म्हाताऱ्यांचा पेपर आधी, सुनेचं निवडणं नंतर. तिवईवरचा कॅमेरा एका जागी खिळलेला. त्यात दोन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की काय होतं? डबे, कॉट, गणपतीची तसबीर अगदी रेखीव, आणि माणसं पुसट, भुतासारखी. म्हणून मग माणसांना बाहेर उभं करतात. चाळींच्या वास्तुरचनेवरच्या छायाचित्रांत जिना, कठडा, ब्रॅकेट यांची एवढी चैन आणि माणसांची टंचाई, यातलं एक कारण हे असं निव्वळ शटरचं आहे.

ज्यांच्या खोल्या अजून उभ्या आहेत, ना. म. जोशी मार्गाला, नायगावला, लालबागला, त्यांना माझी विनंती व्यवहारातली आहे. कॅमेरा म्हणजे लॅटिनमध्ये खोलीच; बंद दाराच्या भोकातून पलीकडची माणसं भिंतीवर उलटी चालताना तुमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी पाहिली असतील. तेव्हा हे यंत्र परकं नाही. फोनचा रात्रीचा मोड बंद करून एकच जागा चार वेळा घ्या : सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला, रात्री ट्यूब लावून. डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच उजळ ठेवा. स्क्रीनवर बोटानं खाली ओढलं की एक्स्पोजर कमी होतं. निवडणारीला खडा दिसत होता का, एवढी एक कसोटी लावा. दिसत होता तर फोटोतही दिसावा, नसेल दिसत तर नसो. माणसं हलली तर हलू द्या. आणि खाली तारीख, वेळ, ट्यूब चालू होती की बंद, आणि बंद असेल तर ती कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहून ठेवा.

नव्या घरांचेही काढा. ५०० चौरस फूट मिळतायत, आनंदाची गोष्ट आहे. पण कितव्या मजल्यावर आणि समोरच्या इमारतीपासून किती अंतरावर, तेही त्याच चार वेळांना एकदा नोंदवा. ऑरसाहेबांच्या कोनाला कोनमापक लागत नाही. खिडकीच्या पायथ्याशी बसा आणि वर बघा, आभाळ दिसतंय का.

चला, प्रश्न घेऊ.